लेस्टर, नॅरबरो रोड

बुधवारी तू क्लिनिकला आला नाहीस, तेस्फालेम.
फोन बंद. घरमालक म्हणाला, असं कोणी राहत नाही इथे.
खिडकीत तुझे निळे मोजे वाळत होते.

म्हणून मी इथे, कार वॉशच्या फेसात उभी,
बुटांत पाणी, पिशवीत तुझा आठवडा:
सात कप्पे, लाल कॅप्सूल, एक केळं.
उपाशीपोटी मळमळतं म्हणालेलास ना.

तू रागावत नाहीस. हात पुसतोस,
माझ्या गाडीत बसून एकेक गिळतोस,
आणि मी न सांगताच आ करतोस,
माती खाल्ली नाही म्हणणाऱ्या पोरासारखा.
मला दरवेळी लाज वाटते. दरवेळी बघते.

"एप्रिलमध्ये संपतील?"
ह्या संपतील. त्या दुसऱ्या, रात्रीच्या, नाही.
तू वायपरकडे बघत राहतोस.
"मग तेव्हा कोण येणार?"

उत्तर फॉर्मवर छापलेलं आहे. तोंडात येत नाही.

अर्धं केळं तू मला देतोस.
"आणि तुमची गोळी?"
बीपीची. मागे कधीतरी बोलून गेले होते.
पर्समध्येच आहे, सोमवारपासून.

गिळते.
तू म्हणतोस: आ.