पावणेदोन किलो

दारूखान्यात जहाज फुटतं तेव्हा
आधी लाकूड उतरतं, मग लोखंड.
लोखंडाला वजनाचा भाव, लाकडाला नजरेचा.
ही खुर्ची मला बत्तीसशेला पडली.
आणखी दोन होत्या, मोडक्या,
त्या चहावाल्याने चुलीसाठी नेल्या.
तेव्हा मला तरी काय ठाऊक.

मर्झबानबाई आल्या काळा घोड्याहून, पुस्तक घेऊन.
पुस्तकात हीच खुर्ची, खाली साल: सत्तावन्न.
शेजारी मिलानचा आर्किटेक्ट, बाह्या दुमडलेला,
करंगळीवर खुर्ची तोलून हसणारा.
त्याने म्हणे सात वर्षं नुसतं काढूनच टाकलं,
पायातलं लाकूड, पाठीतलं लाकूड,
काटा पावणेदोन किलोवर येईपर्यंत.
लढाईत घरं पडलेली.
लोकांना जड असं काही नको होतं.
"बैठक तेवढी नवी करा, होती तश्शी,"
बाई म्हणाल्या, आणि किमतीचा जो आकडा सांगितला
त्याने मी हातातला पॉलिशपेपर खाली ठेवला.

बैठकीसाठी पेडामकर.
नवव्या वर्षी देवीत डोळे गेले,
अंधशाळेत वेत विणायला शिकले,
कोर्टाच्या, स्टेशनमास्तरांच्या, इराण्यांच्या खुर्च्या
पन्नास वर्षं विणल्या.
त्यांनी ही पाहिली ती अशी:
आधी अंगठा पायावरून खाली.
"तीन धारा. गोल का नाही केला?"
मी म्हटलं, वजन वाचतं, पुस्तकात लिहिलंय.
"वजनाचं सोडा. धार असली की बोटाला कळतं
आपण कुठल्या बाजूला आहोत."
मग पाठ. ती जराशीच मागे कलते,
पंगतीत 'पुरे' म्हणताना माणूस कलतो तेवढी.
मग एका बोटावर उचलली
आणि चेहरा असा केला, जसं कुणी
भरलेली समजून रिकामी कळशी उचलावी.

दोन दिवस विणायला बसलेच नाहीत.
वेत बादलीत भिजत पडलेला,
हे फाटकी बैठक मांडीवर घेऊन भोकं चाचपतायत.
बाईंचे फोन. मी चिडलेलो.
तिसऱ्या दिवशी, ब्लेडने शेवटची गाठ कापताना:
"हा डावखुरा होता."
कोण, आर्किटेक्ट?
"त्याचं मला काय माहीत! विणणारा.
तिरकी काडी सगळीकडे उलटी ओढलीय.
आणि मागच्या कोपऱ्यात एक घर चुकलंय.
दिवस बुडाला असेल. किंवा बाई असेल,
पोर रडलं असेल."

मी पुस्तक पुन्हा उघडलं.
आर्किटेक्टचं नाव जाड अक्षरात,
कारखान्याचं त्याखाली,
अगदी बारीक, आडवं, फोटो काढणाऱ्याचं.
फोटो काढणाऱ्याचंसुद्धा.

पेडामकर बसले. उजवा हात बैठकीखाली, डावा वर.
अडखळत, शिव्या घालत,
नेहमीच्या दुप्पट वेळ.
मागच्या कोपऱ्याशी आले तेव्हा थांबले.
मी काही विचारलं नाही.

मर्झबानबाईंनी भिंग लावून पाहिलं,
"परफेक्ट" म्हणाल्या,
गोधडीत गुंडाळून टेम्पोत ठेवली.
बिलावर मी लिहिलं: बैठक, एक नग.
विणणार: रघुवीर पेडामकर, आणि एक डावखुरा.
त्यांच्या अकाउंटंटने दुसरं नाव खोडून बिल परत पाठवलं.
पैसे पूर्ण आले.

चहावाल्याला परवा विचारलं, त्या दोन खुर्च्यांचं.
म्हणाला, कसलं लाकूड देता शेठ,
आधण यायच्या आत संपलं.