कच्चा अंदाज

बेचाळीस फूट, लायक मिस्त्री टेप न सोडताच म्हणाला.
टेप सोडला तर बेचाळीस फूट दोन इंच.
दोन इंच सोडून द्या ताई,
पलीकडच्या प्लॉटवाल्याला.

मागच्या सालापर्यंत परसाच्या पुढं नुसती हायब्रीड होती,
आता चुन्याच्या रेघा, आणि डुकरं.
म्हणून भिंत.

विजेच्या बिलाच्या पाठीवर मी मांडते:
उंची पाच, म्हणजे दोनशे दहा चौरस फूट,
सोळा बाय आठचा ब्लॉक, सहा इंची, भरीव,
दोनशे छत्तीस. फूटतूट धरून अडीचशे.
अडतीसनं साडेनऊ हजार.
मी पतसंस्थेत बसते, दिवसभर दुसऱ्यांच्या घरांचे अंदाज तपासते,
कुणी सिमेंट फुगवलंय, कुणी सळई लपवलीय,
मला वासावरून कळतं.

ब्लॉकचं काही नाही हो, मिस्त्री म्हणतो, पैसा खाली जातोय.
काळी आहे ही. पावसात फुगती, चैतात तोंड वासती.
माझ्या मेव्हण्याचं कंपाउंड तिसऱ्या उन्हाळ्यापासून हसायलंय बघा,
ह्या कानापासून त्या कानापर्यंत.
मुरूम लागेस्तोवर जावं लागतंय.
मुरूम कुठं लागेल?
ते खणल्यावर.

मी लिहिते: खोदाई, अडीच फूट. खोडते.
साडेतीन. पुढं प्रश्नचिन्ह.
सिमेंट चौदा पोती. क्रशसँड एक ब्रास,
नदीच्या वाळूचं नावच काढू नका,
मांजरा सध्या तहसीलदाराच्या पहाऱ्यात आहे.
खडी. आठ एमएमची सळई, दर सात फुटांवर पिलर.
मिस्त्री नऊशे, बिगारी दोन, सहाशेनं, नऊ दिवस.
पाणी, लाईट, चहा मालकाकडं.
पाणी म्हणजे टँकर. सात दिवस भिंतीला पाजायचं,
आठ दिवसांतून एकदा नळ येणाऱ्या गावात.
तो आकडा मी शेवटाला ठेवते.

टँकर सोडून बेरीज एकोणपन्नास हजाराला टेकते.

आई बाजेवर बसून अंबाडी खुडत होती.
तिनं एवढंच विचारलं,
पडली तर कुठल्या अंगाला पडंल?

पडंल कशी मावशी, पिलर देतोय की.

आमच्या जुन्या गावच्या भिंती दोन हात रुंद होत्या,
ती म्हणाली, आणि उठली.
बाजेच्या खुरापासून चुन्याच्या रेघेपर्यंत
पावलाला पाऊल लावत गेली.
सहा पावलं. मिस्त्रीनं टेप लावला: साडेचार फूट.
मग पाचाची नगं.

मी तेव्हा तीन वर्षांची. मला आठवत नाही काही,
आठवतं ते सांगितलेलं.
आईला हिशेब येत नाही, एक आकडा सोडून,
तीन छप्पन्न, आणि तो रुपयांत नाही.
नव्या गावात सरकारनं छत दिलं, भूकंपरोधक,
त्याच्याखाली भांडी झोपतात, मी झोपते.
ती बाजेवर. पाऊस आला तर दारात.

बाज सरकवा की.
बाज तिथंच राहील.
चार फुटावरून चोर येईल मावशी.
येऊ दे. चोर आला तर उठून जातो.

चार फूट. एकशे एकोणनव्वद, धरा दोनशे.
सात हजार सहाशे.
एकोणीसशे वाचले, मिस्त्रीचं तोंड जरासं उतरलं,
मग तोच म्हणाला, डुकराला चार फूट बास आहे.

रात्री आई बिडव्यांच्या पोरीच्या हळदीला गेली.
मी तिच्या बाजेवर आडवी झाले,
अंधारात भिंत उभी केली, ब्लॉकवर ब्लॉक,
आणि माझ्या अंगावर पाडली.
अर्ध्या फुटावर थांबली.
पुन्हा उभी केली, पुन्हा पाडली.
थांबली.

मग उठून बिल उजेडात धरलं.
टँकरचा आकडा लिहायचा राहिला होता.