उत्तरेची भिंत

टेबलावर आराखडा पसरला, चार कोपऱ्यांना चार दगड,
ह्याच घराच्या पडक्या कुंपणातले.
इतिवृत्त मी लिहितो. थोडक्यात लिही, खजिनदार म्हणाले,
वही महाग झालीय. सगळे हसले.
म्हणून तेही लिहिलं.

मॅजिस्ट्रेटचं घर. मधाच्या रंगाचा वाळूचा दगड,
आमच्याच पणजोबांनी फोडलेला, मजुरीची नोंद नाही.
लेसोथोच्या ह्या डोंगरात एवढी सरळ रेघ दुसरी नाही.

समोरच्या खोलीत वाचनालय, रेफिलोए बाई म्हणाल्या.
थेकिसोला दवाखाना हवा,
निदान मंगळवारच्या नर्सपुरता एक पडदा.
मोहेर कातणाऱ्या बायकांना उजेडाची खोली.
पोरांना फोन चार्ज करायला भिंतभर प्लग.
कुणी म्हणालं पर्यटक येतील, कुणी म्हणालं भूत आहे;
दोन्हींचा आकडा समितीकडे नाही.

मासेरूहून आलेल्या आर्किटेक्टबाईंनी
खोडरबर झिजवत सगळ्यांना बसवलं.
उरलं शौचालय.
ते उत्तरेच्या भिंतीला चिकटून, रस्त्यावरून दिसायला नको.

तेव्हा म्मे मालिनेओ उठल्या, घोंगडी सावरत.

"आत काय मांडायचं ते मांडा.
मी आत कधी गेलेच नाही.
बापाची डोईपट्टी भरायला खिडकीशी रांग असायची,
जुलैत, ओढ्यावर बर्फाची साय.
आत शिक्के आपटायचे. बाहेर ही भिंत तापायची.
पाठ टेकली की गोठलेलं अंग सुटायचं.
माझा थोरला तिथंच चालायला शिकला, भिंत धरून.
ह्या घरानं आम्हाला काही दिलं असेल तर तेवढंच,
आणि तेही घराचं नव्हतं."

आमच्याकडे ऊन उत्तरेनं फिरतं.
बाईंना ठाऊक होतं; आराखड्यात बाणही होता,
फक्त त्यावर दगड ठेवलेला होता.

मग चहा झाला.
पेले घेऊन माणसं बाहेर गेली,
कुणी न सांगता त्याच भिंतीशी उभी राहिली,
खजिनदारसुद्धा, डोळे मिटून.

ठराव क्रमांक चार: शौचालय पुढच्या बैठकीत.
भिंतीबद्दल काय लिहावं कळेना.
लिहिलं: एक बाक. बिनपाठीचा.