सभासद क्रमांक ७१२

काळाचौकीच्या आमच्या वाचनालयात संगणक आला
तेव्हा त्याला ठेवायला टेबल नव्हतं.
वर्तमानपत्रांचा स्टँड सरकवला,
तर चार म्हातारे महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत.

मी दाखलनोंदवहीतली बाई.
निळी शाई, लाल रेघ,
शेवटच्या रकान्यात शेरा:
‘पान ४३ नाही’, ‘वाळवीने कडा खाल्ली’,
‘परत करताना वाचक रडत होता’.
हा शेवटचा माझ्या आधीच्या तळाशीलकरांचा.
का लिहिला, त्यांना कुणी विचारलं नसावं.

नाझनीन परकार आली पदविका घेऊन,
तिने रकाने आखले: शीर्षक, लेखक, वर्गांक, किंमत.
शेऱ्याला जागा कुठे?
ती मान न वळवता म्हणाली,
“टीप म्हणून टाकू, मॅडम. पण शोधात येणार नाही हं.”
मग थांबली. काहीतरी खटखट केलं.
“आता येईल.”

आता ‘रडत’ टाइप केलं
की अख्ख्या संग्रहातून एकच पुस्तक वर येतं.

स्कॅनरने मात्र पिडलं.
जुन्या ठशातलं ‘धुके’ त्याने ‘धुळे’ वाचलं,
एक कथासंग्रह आठवडाभर भूगोलात पडून होता.
अकरा हजार तीनशे पुस्तकांच्या पाठीवर
काळ्या रेघांची चिकटपट्टी, आणि टुं, टुं, टुं.
“भोंग्याचं पिल्लू दिसतंय हे,” शिंगोटे म्हणाले.
ते साच्यावर होते, गिरणी होती तोवर.

मार्चमध्ये यंत्राने यादी काढली.
दहा वर्षांत एकदाही घरी न गेलेली:
नऊशे चौदा.
कार्यकारिणीला यादी फार आवडली.
अभ्यासिका करू, एसी लावू,
रद्दीवाला बारा रुपये किलो म्हणतोय.

मला भांडता येत नाही.
शिवाय अभ्यासिकेत वाईट काय?
दहा बाय बाराच्या खोलीत सहाजण,
त्यातला पोरगा कुठे बसून वाचणार, मला ठाऊक आहे.

तरी त्या रात्री कुलूप हातात ठेवून
यादीतलं पहिलं पुस्तक उचललं.
मधमाशीपालन, १९५८.
कुणाच्या नावावर टाकू?
माझ्या खात्यावर चारच मिळतात.
विष्णू धोंडू गोठणकर, ७१२, आजीव सभासद.
वारले. कार्ड रद्द करायला घरचं कुणी आलं नाही.
आजीव म्हणजे किती, हे यंत्राला कुणी सांगितलं नव्हतं.

टुं.
मधमाश्या गेल्या गोठणकरांकडे.
मागोमाग शिवणकला, हिवताप, विहिरींचे प्रकार,
कुणा एकाचा मोंबासापर्यंतचा बोटीचा प्रवास.
रात्री द्यायची, सकाळी परत घ्यायची,
जिथली तिथे ठेवायची.
रोज वीस. कधी बावीस.

नाझनीनला कळलंच. आकडे तिच्यापासून लपत नाहीत.
चार दिवस काही बोलली नाही.
पाचव्या दिवशी चहा ओतताना म्हणाली,
“हे गोठणकर फार भराभर वाचतात, मॅडम.
जरा सावकाश घ्यायला सांगा. ऑडिटला दिसेल.”

आणि पहिलंच, मधमाश्यांचं,
परत घ्यायचं माझ्याकडून राहून गेलं.
मुदत टळली, यंत्राने आपलं काम केलं.
गोठणकरांच्या नंबरावर संदेश:
‘आपल्याकडील पुस्तक त्वरित जमा करावे.’
मी कपाळाला हात लावला.

दुपारी तीनला उत्तर.
‘हा नंबर दोन वर्षं माझ्याकडे आहे.
गोठणकर कोण, माहीत नाही.
पुस्तक कोणतं?’

‘संदेश चुकून गेला’ असं लिहायला घेतलं.
खोडलं.
लिहिलं: मधमाशीपालन. सचित्र.
पान ४३ नाही.
सोमवारी बंद असतं.