सोमवारचे भाव

दर सोमवारी, बाहेर अजून अंधार असताना,
मी जुने आकडे नखाने खरवडून काढायचे
आणि नवे चिकटवायचे.
कायानीतलं आमचं दुकान: दोन ट्यूबलाइट, एक शिडी,
काचेच्या कपाटात ओळीने प्रोसेसर,
अंगठ्यांसारखे डबीत बसवलेले.

दहाला ताइस्तो यायचे,
कागद गिरणीतून निवृत्त.
बूट आपटून बर्फ झाडायचे, चष्मा पुसायचे,
वाकून तिसऱ्या डबीचा भाव वाचायचे.
अकराशे नव्वद मार्क.
"अजून उतरेल," म्हणायचे,
घरातल्या कुणाच्या तापाबद्दल बोलावं तसं.

घाई कसली?
त्यांच्याकडे वही होती, एकसष्ट सालापासूनची,
सरोवराचं बर्फ कोणत्या दिवशी फुटलं त्याची:
तारीख, वारा, पाण्याचा पहिला काळा पट्टा कुठे दिसला.
त्याचा आलेख काढायचा होता म्हणे, रंगीत.
इतकी वर्षं थांबलेल्या आकड्यांना
आणखी एक हिवाळा काय जड!

आणि मागे गोदामात सामुली, वय एकोणीस,
थांबला तो संपला, असा चेहरा.
पहिल्या पगारात सगळ्यात स्वस्त चिप घेतली, तीनशेची,
आणि त्याच रात्री साडेचारशेवर नेली.
"आतून सगळ्या एकाच तव्यावरच्या," मला सांगायचा,
"फरक काय तो लेबलाचा."
लेबलं चिकटवणारी मी. मी काय बोलणार?

उणे सत्तावीसला त्याने मशीन बाल्कनीत मांडलं,
पत्रा काढून, उघड्या पोटाचं,
वायरी खिडकीच्या फटीतून आत.
आई गरम पाण्याच्या नळ्यांवरून ओरडत होती.
पडद्यावर आकडा चढला:
चारशे त्रेसष्ट.
मग पाचशे चार.
तो हातमोज्यांतच टाळ्या वाजवायला लागला,
आवाज झालाच नाही.
"इथे बोट ठेव," म्हणाला.
तेवढ्या सगळ्या थंडीत
कुत्र्याच्या पिल्लाच्या पोटाइतकं ऊन.

मार्चअखेर छपरांना पागोळ्या सुटल्या.
सगळं गाव वितळायला लागलं
आणि त्याचं मशीन गोठलं.
एकच थेंब, नंतर वास.
मेलेली चिप त्याने किल्ल्यांना अडकवली
आणि तशीच दुसरी घ्यायला काउंटरवर आला.
तोवर ती चारशे मार्कांनी उतरली होती.
"बघ," ताइस्तो म्हणाले, वाकलेलेच.
"बघितलं," सामुली म्हणाला,
"पण माझा हिवाळा तर झाला."

मला उशिरा कळलं:
ताइस्तो डबी बघत नव्हते, जागा बघत होते.
डाव्या टोकाला नवी, महाग डबी आली
की बाकीच्या एकेक घर उजवीकडे सरकायच्या,
शेवटची टोपलीत पडायची,
आणि तिसऱ्या जागेचा भाव
कायम अकराशे नव्वदच.
हे त्यांना सांगावं का,
यावर मी तीन हिवाळे विचार केला.

मग दोन हजार दोन उजाडलं.
सगळे मार्क खरवडले, युरो चिकटवले.
तिसऱ्या डबीवर: दोनशे.
ताइस्तोंनी चष्मा दोनदा पुसला.
हिशेब त्यांना पक्का ठाऊक होता,
सरकारी पत्रक खिशात होतं.
"उतरला की!" म्हणाले,
आणि इतके हसले की सोन्याचा दात दिसला.
कोऱ्या नोटा मोजून दिल्या,
जणू माझीच फजिती केली.

सामुलीनेच मशीन जोडून दिलं.
"थोडं ताणू का, काका? सहज जाईल वर."
"नको. त्यालाही दम खाऊ दे."

मे महिन्यात मी गेले होते.
बर्फ नुकतं फुटलेलं, खिडकी उघडी.
वही शेजारी, आणि ताइस्तो
दोन बोटांनी एकसष्ट साल शोधत होते.
सहा सापडला.
एक कुठे आहे, बोट हवेत फिरतंय,
आणि आत ती चिप
शंभर कोटी वेळा दारापर्यंत जाऊन येते,
कुणी आलं का बघते.