पाचर

नावेलाही गुडघे असतात, डॉक्टर तूरुन.
फळी जिथे बरगडीला मिळते
त्या कोपऱ्यात आम्ही पाइनचा बाक बसवतो,
खोड संपून मूळ सुरू होतं तिथला,
जन्मतःच वाकलेला.
सरळ लाकूड वाकवून केलेला गुडघा
पहिल्याच हिवाळ्यात उलतो.

मी हे सांगत होतो तेव्हा
तुम्ही माझा पाय उजेडावर धरला होता.
आतल्या अंगाची गादी झिजलेली,
हाडाला हाड भिडलेलं,
सगळा भार एकाच काठावर,
भरल्या नावेत सगळे एकाच बाजूला बसावेत तसा.
आणि मधला दोर?
तो सव्विसाव्या वर्षीच गेला, मी म्हणालो,
बर्फाळ धक्क्यावर, खांद्यावर ओकचा कणा असताना.
तीस वर्षं दोराशिवाय चाललो.
उतरणीला गुडघा आपल्या मनाने निघायचा
आणि मी त्याच्या मागून.

छप्पन्न हे लोखंडाचं वय नाही, म्हणालात.
नडगी आतून कापू,
बाहेरची कड शाबूत ठेवू, बिजागरीसारखी.
फट उघडू, नऊ मिलिमीटर. पाचर. वरून पट्टी.
माथ्याचा उतार जरा कमी करू
म्हणजे नडगी पुढे घसरायची नाही.
मग मांडीमागची कंडरा काढून
नवा दोर ओवू.
तुम्ही टिपणाच्या कागदावर रेघ मारलीत
आणि मला तुमचा हात आवडला.
कंबरेखाली बधीर करा, मी म्हणालो,
झोपवू नका.

बर्गनला पाऊस होता. हिरवा पडदा होता.
करवत सुरू झाली
तेव्हा आधी कळलं, दात बारीक आहेत, पातं नवं आहे.
नंतर कळलं की हाड माझं आहे.
मग छिन्नी.
शेवटाकडे हातोडीचा आवाज चढत जातो,
हे कुणी शिकवत नाही, कान शिकतो.
ठक. ठक. टक.
टिक.
बास, मी पडद्याआडून म्हणालो.
भूल देणारा पोरगा दचकला.
तुम्ही त्याच ठोक्यावर थांबला होतात.

फट उघडताना तो आवाज आला.
बुटाखाली वाळकी काडी मोडावी, एवढाच.
कुणी काही बोललं नाही.
तुम्ही एक स्क्रू जास्तीचा मागितलात. लांब.

सहा आठवडे कुबड्या.
ब्योर्गने नाव एकटीने पालथी केली,
कल्ले माझ्यापेक्षा बरे घासले,
आणि तसं बोलूनही दाखवलं.
गुडघे टेकायचे नाहीत, फिजिओने बजावलं.
मी जन्मभर कुणापुढे टेकलेच नव्हते,
फळीखाली डांबर भरताना सोडून.

चौथ्या महिन्यात विषय तुम्हीच काढलात.
बिजागरीला तडा गेला होता, तुम्ही म्हणालात.
स्क्रूने धरला. भरून आलाय.
मी फट जरा घाईने उघडली असेन.
बोलताना नजर माझ्याकडे, फोटोकडे नाही.

मला माहीत होतं, म्हणालो.
पुढचं म्हणालो नाही, ते असं:
या हार्डांगरमध्ये माझ्या हातच्या चौदा नावा आहेत.
तिघींच्या तळाला
असाच एक तडा आहे,
खिळ्याआड, डांबराआड.
धरलाय म्हणून धरलाय.
मालकांना मी कधी सांगितलं नाही.

काल धक्क्यापर्यंत उतरून गेलो.
एकशे बारा पायऱ्या.
गुडघा माझ्या आधी निघाला नाही.
थंडीत ठणकतो, जिना चढताना पट्टी जाणवते,
ठणकू दे.

तिघांपैकी सिगवाल्ड वारला.
एकाने नाव विकली, कुणाला ते आठवत नाही म्हणतो.
ओडमुंडच्या दारात उभा राहिलो.
त्याने दार उघडलं, आधी पायाकडे पाहिलं,
म्हणाला, सरळ झालास की.
मी म्हणालो, कॉफी ठेव.
तुझ्या नावेबद्दल थोडं बोलायचंय.