डावीकडची खिडकी

काउंटरवर मी दोनच प्रश्न विचारते:
बॅगेत सुरी, काडेपेटी आहे का,
आणि कितवा आठवडा.
दुसरा प्रश्न सगळ्यांना नसतो.

नोरोन्यात कुणी जन्मत नाही.
इथं मरायला परवानगी आहे, लग्नाला आहे,
होडी उलटून बेपत्ता व्हायलासुद्धा.
पण सातवा महिना लागला
की दवाखान्यातून चिठ्ठी येते
आणि बाईनं समुद्र ओलांडून रेसिफेला जायचं,
तिथं कुणा मामेबहिणीच्या सोफ्यावर
पंख्याकडे बघत
दिवस भरायची वाट पाहायची.

आज जुसिलेदी आली.
माझ्या वर्गातली. पोहण्यात मला नेहमी हरवायची.
अठ्ठावीस आठवडे, चिठ्ठीवर शिक्का,
पायात नवऱ्याच्या चपला,
कारण स्वतःच्या आता चढत नाहीत.
बॅग अकरा किलो भरली.
मग उगाच तीही काट्यावर चढली
नि म्हणाली, "ह्याचं जादा भाडं लावणार का गं, इव्होनेती?"
काटा थरथरला, थांबला.
आम्ही दोघींनीही आकडा पाहिला नाही.

तिच्यामागे पर्यटकांची रांग,
नाकाची सालं निघालेली, ओल्या टॉवेलांचा वास.
ही माणसं इथं राहण्याचा दिवसागणिक कर भरतात
आणि जाताना म्हणतात, पाय निघत नाही हो.
जुसिलेदी काही म्हणाली नाही.

तेवढ्यात दोना झेफिन्या रांग मोडून पुढं.
काखेत टॅपिओकाची टोपली.
एके काळी ही बेटाची सुईण.
मी हिच्या हातात आले, जुसिलेदीही,
दोघींच्या नाळा हिच्याच परसात, काजूखाली.
आता विमानतळाच्या दारात टॅपिओका विकते,
पोटुशीकडून पैसे घेत नाही.

"कुठली जागा दिलीस?"
"चौदा ड. संडासाजवळची. सोयीची."
"डावीकडची खिडकी दे. उठलं की डावीकडे वळतं ते,
सगळं बेट दिसतं, डोंगराच्या सुळक्यापासून."
"बाळाला काय दिसणार, दोना?"
"तू पाण्याखाली असताना
आईची हाक ऐकू यायची ना?
मग."

डावीकडची एकच खिडकी उरत होती: चार अ,
ती साओ पावलोच्या एका कॅमेरेवाल्याची.
मी त्याला सांगितलं, त्या सीटचा पट्टा जरा अडकतो.
अकरा वर्षांच्या नोकरीतलं पहिलं खोटं.
तो लगेच चौदा ड ला तयार झाला,
वर आभार मानले.

मग मी यादी भरली.
प्रौढ: एकसष्ट. मुलं: चार.
तान्ही: शून्य.
शून्य काढताना पेन जरा जड चाललं, इतकंच.

कुंपणापाशी आम्ही दोघी.
विमान धावलं, सुटलं,
आणि उजवीकडे वळलं.

आज वारा फिरला होता.
सकाळपासून टॉवरवर तशी नोंद होती,
माझ्याच टेबलावर तो कागद होता.
डाव्या खिडकीत आता नुसतं आभाळ असणार,
आणि बेट, सगळंच्या सगळं,
चौदा ड च्या बाजूला.

मी दोनाकडे पाहायचं टाळलं.
तीच म्हणाली, "आईनं पाठ फिरवली तरी
पोर काही त्याच बाजूला बघत नसतं.
आत ती कशीही फिरतात. मला विचार."

मग टोपली खाली ठेवून
ती नळापाशी गेली
आणि बाह्या सारून
हात धुतले, कोपरापर्यंत,
नखांच्या आतून, बोटांच्या बेचक्यातून,
बराच वेळ.
टॅपिओका विकून
कुणी इतके हात धूत नाही.